'शॉर्टवेव्ह मेली' म्हणणाऱ्यांना उत्तर

आमच्या चोपड्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांवर आठवडाभर शॉर्टवेव्हबद्दल, म्हणजे दूरदूरची रेडिओ केंद्रं ज्या लहरींवर ऐकू येतात त्यांच्याबद्दल, एक मजकूर फिरतोय: 'शॉर्टवेव्ह कधीच मेली. तिला डिजिटल करणं म्हणजे मढ्याला दागिने घालणं. मोबाइल असताना रेडिओ कशाला?' जिभाऊंनीही तो मला पाठवला. खळ्यावर खाटेच्या उशाशी रेडिओ ठेवून बीबीसी हिंदी ऐकत ज्यांनी वर्षं काढली, त्या जिभाऊंनी! म्हणून लिहायला बसलो.

'मेली' म्हणे. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण 31 जानेवारी 2020 ला बंद झालं, हे खरं. पण न्यूझीलंडचा सार्वजनिक रेडिओ आजही प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या केंद्रांना डिजिटल शॉर्टवेव्हने कार्यक्रम पोचवतो. त्यासाठी 2024 मध्ये त्यांनी नवा ट्रान्समीटर सुरू केला. मढ्यावर एवढा खर्च कोण करतं?

आता दागिन्यांचं. शॉर्टवेव्ह आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून येते, आणि एकाच वेळी अनेक वाटांनी येते. त्या लहरी एकमेकींना मारतात, म्हणून आवाज फुगतो, बुडतो, पुन्हा वर येतो. डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडियाल) या डिजिटल प्रसारणाच्या पद्धतीत आवाजाची माहिती अनेक वाहक लहरींवर आणि वेळेतही विखरून पाठवतात. थोडी माहिती वाटेत हरवली तरी रेडिओ ती दुरुस्त करून घेतो. वीजही कमी लागते. मात्र संकेत (सिग्नल) एका मर्यादेखाली गेला की आवाज एकदम बंद पडतो. जुन्या रेडिओवर खरखरीतूनही बातमी कळायची. मळ्यातल्या मोटारीचा स्टार्टर आणि स्वस्त एलईडी दिवे किती खरखर करतात, ते आपल्याला माहीत आहे. मजकूर लिहिणाऱ्याने या अडचणीवर बोट ठेवलं असतं, तर मी मान डोलावली असती.

मोबाइलचं म्हणाल, तर धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर जाऊन या. रेंजसाठी टेकडी चढणारी माणसं भेटतील. वादळात टॉवरची वीज गेली की फोन मुका होतो. शॉर्टवेव्हचा ट्रान्समीटर शेकडो किलोमीटर लांब, वादळाच्या बाहेर असू शकतो, आणि ऐकणारे दहा असोत की दहा लाख, त्याला फरक पडत नाही.

खरं दुखणं त्या मजकुरात आलंच नाही: डिजिटल प्रसारण ऐकायचे रेडिओ संच. डीआरएमची नियमित प्रसारणं 2003 मध्ये सुरू झाली. आकाशवाणीने मध्यम लहरींवर तीसहून अधिक डिजिटल ट्रान्समीटर बसवले, काही नव्या गाड्यांमध्ये हे रेडिओ आले. पण गाडीतला रेडिओ खाटेच्या उशाशी येत नाही, आणि जुन्या रेडिओवर डिजिटल प्रसारण लावलं तर नुसती घरघर ऐकू येते. संच नाहीत म्हणून कार्यक्रम नाहीत, कार्यक्रम नाहीत म्हणून संच फारसं कोणी बनवत नाही. या गाठीतच सगळं अडकलंय.

हे सगळं सांगितल्यावर जिभाऊ एवढंच म्हणाले, "मंग माले एक आणी दे." जळगावात चार दुकानं फिरलो. चारही ठिकाणी असा रेडिओ असतो हेच कोणाला माहीत नव्हतं.