काठोकाठ भरलेला शॉक

इंदूरच्या रामबागेतल्या आम्हा आरसी (रिमोटवर पळणाऱ्या छोट्या) गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीच्या शॉकबद्दल, म्हणजे धक्के झेलणाऱ्या तेलाच्या नळ्यांबद्दल, एक मेसेज आलाय, आणि तो पुढे कुठवर गेला देव जाणे. मजकूर असा: 'सिलिकॉन ऑइल म्हणजे लूट. शिलाई मशीनचं तेल काठोकाठ भरा, झाकण घट्ट आवळा, बुडबुड्यांचं टेन्शन घेऊ नका. गाडी उसळत असेल तर तेल जाड घ्या.'

तेलाचा पराक्रम मी स्वतः करून बसलोय. सियागंजातून मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि माझ्या आरसी बग्गीच्या चारही शॉकमध्ये ओतली. ते इतकं पातळ की स्प्रिंगला आवरणारं कुणी उरलंच नाही; गाडी खड्ड्यातून बाहेर आली तरी डुलतच राहायची. पंधरा दिवसांनी दुसरं कौतुक कळलं. तेल अडवणाऱ्या माझ्या ओ-रिंगा (गोल कड्या) सिलिकॉन रबराच्या, आणि हे रबर खनिज तेलात फुगतं. शाफ्ट, म्हणजे शॉकमध्ये आत-बाहेर होणारा दांडा, आत दाबला की तिथेच अडकून बसायचा. शिवाय थंडी-उन्हाने सिलिकॉन तेलाचा दाटपणा कमी बदलतो; जानेवारीतली सकाळ आणि मे महिन्यातली ४० अंशांवरची दुपार इंदुरात एकाच गाडीला काढायची असते. आता लुटीचं. एका शॉकला ४-५ मिली लागतं, म्हणजे ६० मिलीच्या बाटलीत चारही शॉक तीनदा भरून होतात. माझा नव्या ओ-रिंगांचा खर्च यात धरलेला नाही.

खरा घोटाळा 'काठोकाठ'मध्ये आहे. भरताना तेल काठापर्यंत घेतातच, पण बंद करताना तेवढं ठेवायचं नसतं. शाफ्ट आत येतो तेव्हा स्वतःची जागा घेऊनच येतो. ३ मिमी जाडीचा शाफ्ट २८ मिमी आत आला की सुमारे ०.२ मिली जागा खातो. चारच थेंब, पण तेल दाबलं जात नाही, मग ते चार थेंब जाणार कुठे? त्यासाठीच झाकणाखाली ब्लॅडर, म्हणजे लवचीक रबरी पडदा असतो, किंवा ब्लॅडर नसलेल्या शॉकमध्ये थोडी हवा ठेवलेली असते. ती सोय बुजवली की शाफ्ट पूर्ण आत जातच नाही, सोडला की झटक्यात बाहेर येतो, आणि जोर लावला तर तेल खालच्या सीलमधून वाट काढतं. पोह्यांवर शेव कितीही चालते, इथे नाही.

बुडबुड्यांचं टेन्शन घ्यायचंच. हवा दाबली जाते, त्यामुळे बुडबुडे असले की शाफ्टच्या टोकावरच्या पिस्टनच्या पहिल्या हालचालीला विरोधच मिळत नाही. कान लावला तर आतून चुळचुळ ऐकू येते. एअर काढायला घाई नको. शॉक उभा धरून पिस्टन सावकाश वर-खाली करा, तो तेलाच्या वर येऊ देऊ नका, मग शाफ्ट खाली ओढून दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्या. चहा करून या. ब्लॅडर एका कडेने तिरपा टेकवत बसवा, म्हणजे खाली हवा अडकत नाही. झाकण एक-दोन आटे धरलं की शाफ्ट हळूच थोडा आत ढकला, जादा तेल बाहेर येईल, आणि मग बंद करा. शेवटी डावा-उजवा शॉक सोबत दाबून सोडा. दोन्ही सारखेच परत आले पाहिजेत. एक जास्त उसळला तर त्यातलं थोडं तेल अजून काढा. (आणि शाफ्ट उघड्या पकडीत धरू नका. एक ओरखडा पडला की सील गळालाच.)

जाड तेलाचं अर्धं खरं. उडीनंतर गाडी दोन-तीनदा हिंदकळत असेल तर जाड तेलाने फरक पडतो. पण बारीक खडीवर चाकं टकटक उसळत असतील, तर जाड तेलाने आणखी बिघडेल, कारण चाक खाली यायलाच उशीर लागतो. बदलताना बाटलीवरचं वेट (कंपनीने दिलेला जाडीचा नंबर) नको, सीएसटीचा (सेंटिस्टोक, दाटपणाचं ठरलेलं माप) आकडा बघा. दोन कंपन्यांचं ३० वेट जुळेलच असं नाही, ३५० सीएसटी मात्र दोघांचंही ३५०.

राहिलं झाकण. प्लास्टिकचं असेल तर हातानेच बंद करा, पाना लावला की आटे गेले.