रविवारी दुखतं का?

आज डोकं फिरलंय. त्यामुळं पोस्ट लांब होणार. कुणाला वेळ नसेल तर सरळ पुढं जावा.

सकाळी शाळेत एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या पालक समितीची, मीटिंग होती. कर्नाटकात बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली आमची मराठी शाळा, पहिली ते सातवी, पटावर दरवर्षी दोन-चार पोरं कमीच. विषय एकच होता. वर्षभर दर गुरुवारी शाळेत येणाऱ्या संस्थेला पुढं येऊ द्यायचं का नको. (संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथं काम करणाऱ्या पोरींना उगाच ताप.)

या पोरी येतात, मुलांचं वजन-उंची घेतात, बोटाला टोचून रक्त बघतात, दात-डोळे तपासतात. शेजारच्या अंगणवाडीत बारक्यांच्या दंडाला ती रंगीत पट्टी गुंडाळतात, ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेलं की लाल. याला कुणाचीच ना नव्हती. खरी बोंब दुसऱ्या कामाची. त्यातली एक मॅडम व्हरांड्यात पोरांना घेऊन बसते, चित्रं काढायला लावते, बोलते. कागदावर माणसाचं नुसतं रेघांचं चित्र असतं. कुठं दुखतंय तिथं खूण करायची, झोप लागते का, भीती कशाची वाटते ते सांगायचं.

तर आमच्या गावातले एक वजनदार गृहस्थ उठले. "गोळ्या द्या, वजन करा, आमची काय ना नाही. खरं हे मन-बिन नको. उद्या पोरीचं लग्न ठरवताना कोण म्हणालं हिला मनाचा डॉक्टर बघत होता, तर काय तोंड दाखवायचं?" मागून दुसऱ्यानं जोडलं, "आणि ती बाई कानडी. पोरांना कानडी शिकवायला आलीया." सगळे हसले. आणि आम्ही कसे मार खाऊन मोठे झालो, आम्हाला कुठं झालं टेन्शन, हे पालुपद झालंच.

मी तेव्हा गप्प बसले. त्याचाच राग आहे. म्हणून इथं लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाचं पोट दुखायचं.

१९९९ साल. सातवीपर्यंत तो याच शाळेत, वर्गात पहिला-दुसरा. आठवीला तालुक्याच्या गावी घातला. मराठी हायस्कूलला दोन गाड्या बदलून जावं लागायचं, म्हणून जवळच्या कन्नड माध्यमाच्या शाळेत. वडील म्हणाले, इथंच राहायचंय तर कानडी आलेलं बरं. चूक म्हणत नाही मी, त्यांच्या डोक्यात नोकरी होती. जुलैपासून पोट दुखायला लागलं. पावणेआठची बस यायच्या आधी बरोबर. पोट धरून चुलीपुढं बसायचा, कधी ओकायचा. आईनं ओवा दिला, बेंबीवर हिंग लावला. जंताचं औषध झालं. मीठ-मोहरी ओवाळून झाली. यल्लम्माचा भंडारा कपाळाला लावून झाला. शेवटी बेळगावला नेऊन सोनोग्राफी केली, त्याला वडिलांनी म्हशीचे दुधाचे पैसे आगाऊ उचलले. डॉक्टर म्हणाले, काही नाही. घरी येऊन वडिलांनी त्याला फोडून काढला. नाटकं करतोस म्हणून.

वर्षभरात एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकानंही विचारलं नाही, की हे पोट रविवारी दुखतं का?

हा प्रश्न माझा नव्हे. तो त्या कानडी मॅडमचा. ती धारवाडकडची, वय पंचवीसही नसेल, मराठी मोडकं. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका पोराला विचारताना मी ऐकलं. "पोट रोज दुखतो? रविवारी पण दुखतो का?" पोट दुखतो! पोरं फिदीफिदी हसली, तीही हसली. आणि ते पोरगं, ज्यानं चित्रातल्या पोटावर पेन्सिलीनं भोक पाडलं होतं, ते म्हणालं, "रविवारी नाही." मी डब्याचं काम बघायला गेले होते. तिथंच खांबाला टेकून उभी राहिले, पाय हलेनात.

त्या पोराचे आई-वडील गोव्यात. आपल्या तालुक्यातली निम्मी घरं अशीच आहेत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आई मडगावला घरकाम करते, बाप बांधकामावर, पोरगं आजीकडं. आई सणाला येते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाते. वजन चांगलं, रक्त चांगलं, दात पांढरेशुभ्र. संस्थेच्या कार्डावर सगळ्या खुणा बरोबरच्या. फक्त ते सोमवारपासून शनिवारपर्यंत पोट धरून बसतं.

मॅडमनं लगेच "याला टेन्शन आहे" असा शिक्का मारला नाही, हे मुद्दाम सांगते. आधी पीएचसीला, सरकारी आरोग्य केंद्रात, पाठवलं, लघवी तपासली, बाकीचं बघून घेतलं. "दुखतं ते खोटं नसतं आक्का," मला म्हणाली. भ्यालं की खरंच आतडं पिळवटतं, फक्त औषध पोटावर चालत नाही. आता तिनं आजीला सांगून दर बुधवारी संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल ठरवलाय. आणि सोमवारी शाळेत आल्याआल्या पोराला घंटा वाजवायचं काम दिलंय. एवढंच. यात वेडं ठरवण्यासारखं काय आहे हो?

तेही मान्य करते की संस्थावाले फोटो फार काढतात. वजनकाट्यावर उभं केलेल्या पोराचा चार बाजूंनी फोटो कशाला लागतो देव जाणे. निधी संपला की जातील, हेही खरं. पुढं.

सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही, नाहीतर कॉमेंटमध्ये याल लगेच. २०१३ पासून शाळेत दूध मिळतं, पुढं अंडं, केळंही मिळायला लागलं. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या १० तारखेला जंताची गोळी, मोठ्या पोरांना आठवड्याला लोहाची निळी गोळी. माझ्या स्वतःच्या पोरीचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. तिच्या वयाला ११.५ तरी पाहिजे. पोर पांढरी पडली होती आणि आम्ही घरात कौतुकानं म्हणत होतो, गोरी झाली बघ! जेवणावर लगेच चहा देऊ नका, लोह अंगी लागत नाही, हेसुद्धा मला या संस्थेच्या पोरीनं सांगितलं. तेव्हा मीटिंगमधल्या कुणालाच त्यांची भाषा आडवी आली नाही. रक्त कानडी बाईनं काढलेलं चालतं.

आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून देशभर जो १९९६ पासून चालतो, त्याचा नमुना कुठला माहितीये? आपल्याच राज्यातल्या बळ्ळारीचा. धारवाडला मानसिक आरोग्याची एवढी मोठी सरकारी संस्था आहे, इथून दीड-दोन तासावर. आमच्या लेखी धारवाड म्हणजे पेढा, आणि कुणाला चिडवायचं असेल तर "धारवाडला टाकू काय".

आता भाषेचं. मला मराठीचं प्रेम शिकवायला येऊ नका. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहायला मी जाते. १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून फेरीत चाललेय, पोटात पोर असतानासुद्धा. २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा पडून आहे, त्याच्या प्रत्येक तारखेला घरात टीव्ही लागतो. मराठी बोलणारी समुपदेशक का पाठवत नाही, हे संस्थेला मीच दोनदा विचारलंय आणि परत विचारणार. पोर रडतं ज्या भाषेत, त्या भाषेत त्याच्याशी बोलणारं माणूस पाहिजे, यात वाद नाहीच. पण त्या पोराशी मराठीत बोलणारे आम्ही शंभर जण गावात आहोत, आणि त्या शंभरातल्या एकानं विचारलं नाही. मोडक्या मराठीत तिनं विचारलं. मग आता मी काय म्हणू?

माझ्या भावाचं शेवटी कसं कळलं ते सांगते. कळलं म्हणजे मलाच कळलं. बाकी कुणाला नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

त्याला कन्नडमधला एकच शब्द धड येत होता. गोत्तिल्ला. माहीत नाही. सरांनी गणितातलं विचारलं, गोत्तिल्ला. नाव-गाव विचारलं तरी घाबरून गोत्तिल्ला. वर्गानं त्याचं नावच ते पाडलं. बसमध्ये, मैदानात, डबा खाताना. ए गोत्तिल्ला. गणितात सातवीला पैकीच्या पैकी घेतलेला पोरगा.

मी तेव्हा त्याच गावात कॉलेजला. बसमध्ये मागच्या सीटवरून ते मी ऐकलं होतं. आणि घरी येऊन एकदा भांडताना मीही त्याला तेच म्हणाले. आई हसली, वडील हसले, मग घरातही तेच नाव लागलं. म्हणजे पोराला शाळेतून पळून यायला एक घर होतं, तिथंही मी ते नाव नेऊन ठेवलं. नववीत त्यानं शाळा सोडली. पोटही थांबलं. आई म्हणाली, बघा, यल्लम्मा पावली.

आज चाकणला कंपनीत आहे. बरं चाललंय. "मार खाऊन मोठे झालो" म्हणणाऱ्यांना तोच दाखवता येईल, बघा, झाला की मोठा. झाला. अजून घरात पाहुणे आले की हा गोठ्यात काम काढून जातो. आपण म्हणतो लाजरा आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असं एक पोट दुखणारं पोर आहे, मला नावासकट माहीत आहे, लिहीत नाही. गुरुवारपर्यंत थांबायचं नसेल, पोराशी कसं बोलावं सुचत नसेल, तर टेलिमानसचा, सरकारच्या मनाच्या आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर आहे. २०२२ पासून चालू, फुकट. मराठीतही बोलता येतं. गावात कुणाला कळत नाही, लग्नबिग्न मोडत नाही. पोराला कुणी त्रासच देत असेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन.

मीटिंगचा निकाल लागला नाही. पुढच्या बुधवारी परत बसायचं ठरलंय. त्या दिवशी मी बोलणार आहे, आणि वजनदार गृहस्थांनी ही पोस्ट आधीच वाचली तर उत्तम. गुरुवारी मॅडम साडेदहाला येते. तिला गेटावर कुणी अडवायचं म्हणत असेल तर तिथं मी असेन.

मघाशी भावाला फोन केला. इकडचं-तिकडचं बोलले, मग सगळं सांगितलं, त्या पोराचं, चित्राचं, रविवारचं. नावाचं सांगायला धीर झाला नाही. बराच वेळ पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज. मग म्हणाला, "आक्का, त्या मॅडमला सांग, त्याला वर्गात उभं करून काय विचारू नका म्हणावं." आणि जेवायला वाढलंय म्हणून ठेवला.