घ्यावी का घ्यावीच?

जुनी पोर्शे ९११ जीटी थ्री, म्हणजे रेसच्या ट्रॅकसाठी केलेली स्पोर्ट्‌स कार, सोलापुरात घ्यावी का, असा प्रश्न तुम्हाला पडलाय म्हणजे निम्मं काम झालंय. हा प्रश्न ज्याला पडतो त्यानं मनातल्या मनात इसार देऊन टाकलेला असतो. आता फक्त ‘घे की बे’ म्हणणारी चार माणसं जमवायची. त्यासाठी माझ्याकडं आलात, बरं केलंत. मी कुणाला नको म्हणत नाही. पैसे माझे जात नाहीत.

सुरुवात घरातून करा. घरात ‘स्पोर्ट्‌स कार’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, ‘गुंतवणूक’ म्हणायचं. २०१७ साली ही चार लिटर इंजिनाची पिढी भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम २ कोटी ३१ लाखांना होती आणि असल्या गाड्यांचे भाव इतर गाड्यांसारखे धाडकन पडत नाहीत, एवढं आप्पांना समजावून सांगा. आप्पा ऐकून घेतील आणि विचारतील, “मग विकणारा का विकतोय?” याचं उत्तर तुमच्याकडं नाही, दलालाकडं नाही, विकणाऱ्याकडं आहे पण तो सांगणार नाही. चहा मागवा.

बायको विचारेल, किती जण बसतात. दोन. मागची सीट कंपनीनंच काढून टाकलीय, वजन कमी व्हावं म्हणून. म्हणजे आपण जास्त पैसे देऊन कमी गाडी घेतोय, हे तिच्या लक्षात यायच्या आत पुढं बोला. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. आई, बायको, दोन पोरं म्हणजे चार फेऱ्या. त्यात तुम्हालाच चारदा दर्शन घडेल, हा मुद्दा आईपुढं मांडा, चालून जातो. क्लबस्पोर्ट नावाच्या ट्रॅकवाल्या पॅकेजची गाडी मिळाली तर मागच्या सीटच्या जागी जाड लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो. गाडी उलटलीच तर डोकं वाचावं म्हणून. आईला एवढं खोलात सांगू नका. टॉवेल वाळत घालायला केलंय म्हणा. सोलापूरच्या घरात या कारणावर कुणी शंका घेत नाही.

आता गाडी बघायला जाणं. हे मुलगी बघायला गेल्यासारखं करायचं. पोहे खायचे, रंग बघायचा, ‘जरा आवाज ऐकवा’ म्हणायचं. तिथं तो नऊ हजार आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला नऊ हजार फेरे घेतं तो आवाज तुमच्या कानात शिरला की पुढचं तुमच्या हातात राहत नाही. आपल्या घरची गाडी सहा हजारांनाच कण्हायला लागते. ही सहा हजारांवर गेली की कुठं अंगात येते. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो नाही, काही नाही, पाचशे घोड्यांची ताकद आणि उघडी हवा. मी खोटं कशाला बोलू, तो आवाज ऐकून मलाही घरचं कर्ज क्षणभर लहान वाटलं होतं.

पण पत्रिका तेवढी बघू नका. या गाड्यांच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं लिहून ठेवलेलं असतं. इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं, एकूण किती तास चाललं, त्यातल्या कितव्या तासाला फिरलं. त्याचे सहा टप्पे करतात. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात आकडे असले तर काही बिघडत नाही, ट्रॅकवर खेळलेली गाडी आहे एवढंच कळतं. चौथ्यापासून वर आकडे असले तर मंगळ कडक. मॅन्युअल गाडीत कुणीतरी पाचव्या गिअरऐवजी तिसऱ्यात घातलेली असते. ऑटोमॅटिकवाली स्वतःच नकार देते, तिच्यात अक्कल मालकापेक्षा जास्त. हा रिपोर्ट काढायला जाणकार मेकॅनिक, त्याचं गाडीला जोडायचं यंत्र आणि तासभर वेळ एवढंच लागतं. म्हणून तर तो कुणी काढत नाही. कोटभर रुपयांच्या गाडीत रिपोर्टचे काही हजार वाचले याचा आनंद निराळाच असतो. टायरच्या कडेला तो कधी बनला याचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तेही वाचू नका. ‘सत्तर टक्के नक्षी आहे’ असं मालक सांगेल तिथं थांबा. ती नक्षी सात वर्षांची आहे आणि रबराची वडी झालीय, हे कळून तुम्ही काय करणार?

ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारे चिमटे, पिवळे दिसले तर खूश व्हा, सिरॅमिक डिस्क आहेत. डिस्क किती उरल्यात ते विचारू नका. चारी बदलायच्या खर्चात दारात एक बरी नवी गाडी उभी राहते.

कुणीतरी शहाणा तुम्हाला घाबरवायला आगीची गोष्ट सांगेल. ती याच्या आधीच्या, ३.८ लिटरच्या गाडीची. २०१४ साली इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होऊन दोन गाड्या पेटल्या, तेव्हा कंपनीनं जगभरातल्या ७८५ मालकांना गाडी चालवू नका म्हणून कळवलं आणि सगळ्यांची इंजिनं नवी बसवून दिली. सोलापूरकरानं यात भिण्यासारखं काय आहे? न चालवता झाकून ठेवायची, हाच तर आपला बेत आहे. आणि झाकायला चादर आपल्याच गावची, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली. फक्त डबल बेडची घ्या, गाडी रुंद आहे.

चालवायचीच म्हणाल तर मोठी सोय आहे. ही गाडी ट्रॅकसाठी केलीय आणि ट्रॅक देशात आहेत. ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट आहे, ५.१२५ किलोमीटरचं. २०११ ते २०१३ तिथं फॉर्म्युला वन झालं, तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेलच जिंकला, मग तेही बंद झालं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक आहे, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे. यातलं कुठलंही गाठायचं तर एका बाजूनं दीड-दोन दिवस. जाताना टायर झिजणार, तिथं ब्रेक झिजणार, येताना तुम्ही. विम्याची पॉलिसी मात्र तोवर उघडून वाचू नका. त्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नाही. म्हणजे गाडी ज्या कामासाठी जन्मली ते सोडून बाकी सगळ्याला विमा आहे.

राहिला आपला पुणे रस्ता. चौपदरी, केंद्राच्या नियमानं कारला फार तर ताशी शंभरची मर्यादा. ही गाडी दुसऱ्या गिअरमध्येच शंभर ओलांडते. ऑटोमॅटिकला गिअर एकूण सात. वरचे पाच पाहुण्यांना दाखवायला.

आणि ते शंभर तरी कुठलं? मोहोळच्या पुढं गेलात, पोटात फुलपाखरं उडायला लागली, पाय जरा खाली गेला, की समोर उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर ऊस इतका की मागून ट्रॅक्टर दिसत नाही, रिफ्लेक्टरच्या जागी एखादं लाल फडकं, आणि पुढं डेकवर गाणं इतक्या मोठ्यानं की तुमचे नऊ हजार आरपीएम ऐकायला यायचे नाहीत. तो उजव्या लेनमध्येच असणार. हॉर्न वाजवा, तो हात दाखवेल. त्या हाताचा अर्थ ‘जा’ पण होतो आणि ‘थांब’ पण. डावीकडून जावं तर उलट्या दिशेनं दुधाचे कॅन घेतलेली मोटरसायकल येतेय. पाचशे घोडे अशा वेळी ताशी पंधरानं चालतात. नोव्हेंबरपासून कारखाने बंद होईपर्यंत हा कार्यक्रम रोजचा. अंगावर दोन-चार कांडकी पडली तर उचलून घ्या, गाडीत ठेवायला जागा नाही, मांडीवर घ्या.

पंक्चरचं टेन्शन घेऊ नका, कारण इलाजच नाही. स्टेपनी नसते. प्रत्येक चाकाला पाच नट नसतात, मधोमध एकच मोठं नट असतं आणि ते ६०० न्यूटन-मीटरला आवळायचं असतं. त्याचा पाना पुरुषभर लांब, एकानं ब्रेक दाबून बसायचं आणि दुसऱ्यानं पान्यावर लोंबकळायचं. टेंभुर्णीचा पंक्चरवाला ते चाक बघून आधी कपाळाला हात लावेल, मग ओळखीच्या चौघांना फोन करेल. ते मदतीला येणार नाहीत, फोटो काढायला येतील.

गावात यायचं तर स्पीडब्रेकर. सरकारी मापानं तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतला मापाचा नाही, मंडळाच्या वर्गणीचा. जेवढं सिमेंट उरलं तेवढा उंच. गाडीत नाक वर उचलायचं बटण असलं तर साधारण तीन सेंटिमीटर मिळतात. नसलं तर विजापूर वेशीतून घर गाठेपर्यंत पुढची कड जमिनीशी जे बोलते ते ऐकून घ्या. काही लोकांना त्या आवाजाचीही सवय होते म्हणतात.

सोलापूरचे फायदेही सांगितले पाहिजेत, मी काही एकांगी माणूस नाही. या गाडीचे कप-टू नावाचे ट्रॅकवाले टायर गरम झाल्याशिवाय रस्ता धरत नाहीत, युरोपात लोक दोन-दोन फेऱ्या मारून तापवतात. आपल्याकडं मे महिन्यात अंगणातल्या अंगणात तयार. पावसात ते घसरतात. आपल्याकडं पाऊसच नाही. रोज धुवावीशी वाटेल, पण नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं रंगाला ओरखडे पडायचा धोका कमी. पेट्रोल तिला चांगलं लागतं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात निवडक दहा शहरांत आलं, त्यात पुणं होतं आणि आपण नव्हतो. पण म्हणूनच पुण्याला जायला निमित्त मिळतं. टाकी भरायला अडीचशे किलोमीटर जायचं, परत येईपर्यंत टाकी बऱ्यापैकी रिकामी. हिशेब चोख.

एक तयारी मात्र आजपासून करा. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलात की शेजारचा रिक्षावाला वाकून आत बघेल आणि विचारेल, “काय बे, ॲव्हरेज किती देती?” खरा आकडा सांगू नका. सांगितलात तर तो हळहळेल, आणि कोटभराच्या गाडीत बसून रिक्षावाल्याची हळहळ सोसायची ताकद अजून कुठल्या पॅकेजमध्ये देत नाहीत. ‘पंधरा’ म्हणा. तरी तो म्हणेल, “माझी रिक्षा पस्तीस देती.”

व्यवहार झाला, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, परराज्यातली असेल तर एनओसी आली, करावरून आरटीओत चार खेटे झाले आणि एकदाचा एमएच-१३ नंबर लागला, की पहिल्यांदा रूपाभवानीला न्या. नारळ गाडीपुढं फोडू नका, लांब कट्ट्यावर फोडा. करवंटीचा एक तुकडा टायरखाली आला तर परत तो पाना, परत ते चौघं. लिंबं चारी चाकांखाली ठेवा, पण पुढच्या कडेला लिंबू-मिरची बांधू नका, देवळाच्या उतारावरच घासून तिचं लोणचं होईल. आणि लिंबांवरून गाडी पुढं घेताना नाक वर उचलायचं ते बटण दाबलेलंच ठेवा.