‘पेशंट बघू की पेपर लिहू?’ : एका वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांना संशोधन शिकवायला हवं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं, पण तुमच्या रागाला कारण आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की नागपुरात बसून संशोधनाचे धडे देणं सोपं आहे. तुमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एमओच्या, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या, दोन पदांपैकी एक रिकामं. सकाळी ओपीडी, दुपारी लसीकरण, संध्याकाळी वरिष्ठांची व्हीसी (व्हिडिओ मीटिंग), रात्री डिलिव्हरी. मग पेशंट बघू की पेपर लिहू? संशोधन मेडिकल, मेयो आणि एम्स या नागपुरातल्या मोठ्या हॉस्पिटलवाल्यांनी करावं, त्यांना प्रमोशनसाठी पेपर लागतात. ते आमच्याकडून डेटा नेतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते माझ्याही वाट्याला आलेलं आहे. मी पीएचसीत एमओ होते तेव्हा एका मोठ्या संस्थेची टीम आमच्याकडे आली. अख्खा पावसाळा मी आणि आमच्या दोन सिस्टर तापाच्या रुग्णांची माहिती त्यांच्या फॉर्मवर उतरवत होतो. ओपीडी संपली की कंदिलाशेजारी बसून, कारण वीज हमखास जायची. पुढे त्यांचा पेपर आला. त्यात आमच्या केंद्राचा उल्लेख ‘एक ग्रामीण केंद्र’ एवढाच होता. नावं नव्हती हे मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्यातून काय निघालं, हे सांगायलाही कुणी आलं नाही. त्यातल्या एका सिस्टरने मला कितीदा तरी विचारलं, “मॅडम, त्या फॉर्मचं पुढे काय झालं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपण दोघं या गोष्टीतून वेगळे अर्थ काढतो. तुम्ही म्हणता, म्हणून संशोधनाच्या वाटेलाच जाऊ नये. मला वाटतं, आम्हाला प्रश्न मांडता येत नव्हता म्हणून आम्ही दुसऱ्याच्या प्रश्नाचे फॉर्म भरत बसलो. त्या टीमला पहिल्याच दिवशी ‘तुम्ही नेमकं काय शोधताय, आमच्या गावांना त्याचं काय, निष्कर्ष कधी सांगणार, लेखकांत कोण असणार’ एवढं विचारायची आणि लेखी घ्यायची अक्कल मला असती, तर त्या सिस्टरला उत्तर मिळालं असतं. ही अक्कल शिकवता येते. मी शिकवते ती हीच.

आता ‘संशोधन मोठ्या हॉस्पिटलनं करावं’ या मुद्द्याकडे येते. इथे मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही.

मेडिकलच्या वॉर्डात जो पोहोचला तोच दिसतो. जो वाटेत गेला, जो मांत्रिकाकडे बसून राहिला, जिला घरातून निघूच दिलं नाही, ती माणसं तिथल्या कुठल्याच रजिस्टरात नसतात. अपूर्णांकात वरचा आकडा त्यांच्याकडे असतो, खालचा आकडा, म्हणजे भाजक, तुमच्याकडे. गावात घरं किती, गरोदर बाया किती, पाच वर्षांखालची पोरं किती, हे तुमच्या आशाताईला वही न उघडता सांगता येतं. देशातल्या भल्याभल्या प्राध्यापकांना ही माहिती मिळवायला लाखो रुपये लागतात.

सर्पदंशाचंच बघा. भारतात सर्पदंशाने वर्षाला किती माणसं मरतात, हा आकडा वर्षानुवर्षं रुग्णालयांच्या नोंदींवरून काढला जात होता आणि तो फार लहान होता. मग देशभरातल्या सव्वा लाखाच्या आसपास मृत्यूंच्या घरी जाऊन माणूस कसा गेला हे घरच्यांना विचारलं गेलं. त्यावर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकडा निघाला वर्षाला सुमारे ४५,९०० मृत्यू, त्यातले ९७ टक्के ग्रामीण भागातले. रोग तोच, साप तेच. फक्त प्रश्न हॉस्पिटलच्या दारात न विचारता घराच्या ओट्यावर विचारला.

आपल्या विदर्भातलं उदाहरण तर त्याहून जुनं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. आजारी म्हणून आलेल्या नव्हे, गावात राहणाऱ्या. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं. कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग ओपीडीत बसून ही ९२ आणि ८ ची तफावत दिसणं शक्य नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलांच्या न्यूमोनियावरचा अभ्यास आला. गावातल्या सुईणी आणि आरोग्यसेवकांनी श्वास मोजून न्यूमोनिया ओळखला, औषध दिलं. त्यांनी उपचार केलेल्या मुलांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं, शेजारच्या तुलनेच्या गावांत १३.५. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन बनवलं होतं. तेव्हा ‘आमच्या लोकांना झेपणार नाही’ हे कृपा करून म्हणू नका.

तुम्ही म्हणाल, बंग दांपत्य एखादंच असतं. डॉ. हिंमतराव बावस्करही एखादेच. आपल्याच नागपूरच्या मेडिकलमधून एमबीबीएस झाले आणि रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत गेले. विंचू चावलेली धडधाकट माणसं फुफ्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत मरताना पाहिली. प्रत्येक रुग्णाशेजारी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारठा हे सगळं लिहून काढलं. १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून त्यांनी विंचूदंशाचे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत आणले. पण त्यांना हे शिकवलं कुणी? कुणीच नाही. ते स्वतःच्या जिद्दीवर शिकले. आपण सगळा भार अशा एकेका माणसाच्या जिद्दीवर टाकतो, हे मला खरोखर सलतं. त्याच काळात दुसऱ्या पीएचसींत बसलेल्या किती डॉक्टरांना असंच काही दिसलं असेल आणि ‘लिहायचं कसं’ हे ठाऊक नसल्याने ते त्यांच्याबरोबर निवृत्त झालं असेल?

वर्गात आम्ही काय करतो, तेही सांगते, कारण ‘संशोधनाचे धडे’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर प्रोजेक्टर आणि संख्याशास्त्रातली पी-व्हॅल्यू आलेली दिसते.

एका शनिवारी एका ग्रामीण रुग्णालयातल्या स्टाफ नर्सनी तक्रार मांडली. साप चावलेल्याची २० मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी त्या करत. कितीतरी वेळा रक्त गोठतच नसे, पण रुग्णाला ना सूज, ना कुठे रक्तस्राव. तरी तपासणी तसं सांगते म्हणून सापाच्या विषावरची लस (प्रतिविष) सुरू करावी लागे. व्हायली संपत, एखाद्याला रिअ‍ॅक्शन यायची, धावपळ व्हायची. मी म्हटलं, ज्या नळीत करता ती घेऊन या. पुढच्या शनिवारी त्यांनी रुमालात गुंडाळून नळी आणली. साधी प्लास्टिकची. या तपासणीला काचेची, स्वच्छ, कोरडी नळी लागते, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला सुरुवात होते. प्लास्टिकमध्ये ते रेंगाळतं. साबणाच्या पावडरने घासलेल्या काचेतही तेच होतं. हे मी सांगणारच होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “आपलंच रक्त दोन्ही नळ्यांत घालून बघू ना मॅडम.”

आणि त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. दोन मिली काचेत, दोन मिली प्लास्टिकमध्ये. नळ्या हलवायच्या नाहीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचं. वीस मिनिटं खोलीत कुणी बोललं नाही. काचेची नळी आडवी केली तर रक्त तळाला घट्ट चिकटून राहिलं. प्लास्टिकची आडवी केली आणि ते ओघळलं.

साप न चावलेल्या माणसाचं रक्त शेजारी ठेवून बघायचं, हे त्या बाईंना मी शिकवलं नव्हतं. त्याला पुस्तकात ‘कंट्रोल’ म्हणतात, एवढंच मी नंतर सांगितलं. त्यांच्या रुग्णालयात आता काचेच्या नळ्या वेगळ्या डब्यात ठेवतात आणि शंका आली की निरोगी माणसाचं रक्त सोबत लावतात. यातून पेपर निघाला नाही. तरी मी याला संशोधनाचं कौशल्यच म्हणते, आणि ते पेशंट बघण्यापासून वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही.

वेळेबद्दल तुमचं बरोबर आहे. रिकामं पद माझ्या वर्गाने भरत नाही. मागच्या लेखात मी ‘प्रत्येक पीएचसीने वर्षाला एक अभ्यास करावा’ असं लिहिलं होतं. ते वाक्य मी मागे घेते. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर लक्षात आलं की असं काही खरंच ठरलं, तर मासिक अहवालात आणखी एक रकाना वाढेल, टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) रिव्ह्यू मीटिंगमध्ये ‘तुमचा अभ्यास झाला का’ विचारतील आणि कुणीतरी आदल्या रात्री आकडे भरून टाकेल. त्यापेक्षा संशोधन नसलेलं बरं.

तरी एक गोष्ट सांगते. मोठे अभ्यास तुमच्याशिवाय होतच नाहीत आणि झालेलेही नाहीत. गरोदरपणात कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन दिलं तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात का, हे सहा देशांतल्या जवळपास १२ हजार स्त्रियांत तपासलं गेलं. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि प्रमाण ११ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. त्यात नागपूरचं केंद्र होतं, लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनचं. गोळी सुरू करायची होती चौदा आठवडे पूर्ण होण्याआधी. आता मला सांगा, खेड्यातल्या बाईला दिवस गेल्याचं इतक्या लवकर कुणाला कळतं? नागपुरातल्या प्राध्यापकाला की तिच्या गल्लीतल्या आशाताईला? तुमची माणसं या कामात आधीपासून आहेत. प्रश्न एवढाच आहे की ती फॉर्म भरणारी म्हणून राहणार की प्रश्न विचारणारी म्हणून.

नीतीसंबंधी तुम्ही एका ओळीत विचारलंय, ‘एथिक्स कमिटी आम्ही आणायची कुठून?’ आपल्या केंद्राचं काम सुधारण्यासाठी आपल्याच नोंदी तपासणं, म्हणजे ऑडिट, हे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पूर्ण परीक्षणातून सूट मिळू शकणाऱ्या कामांत येतं. मात्र सूट आहे की नाही हे आपलं आपण ठरवायचं नसतं, ते समितीनेच सांगायचं. त्यासाठी जवळच्या मेडिकल कॉलेजची समिती गाठता येते आणि त्या अर्जाला मी मदत करते. रुग्णावर नवं काही करून बघायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे संमती, समिती आणि सीटीआरआय या क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणी यांत सवलत नाही, आणि असूही नये. आपल्याकडचा रुग्ण डॉक्टरला ‘नाही’ म्हणत नाही, म्हणून तर आपली जबाबदारी जास्त. ज्यांना घरबसल्या शिकायचं आहे त्यांच्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, नेट बरं असेल तर रात्री अर्धा तास पुरतो.

आता तुमच्याच प्रतिक्रियेतलं एक वाक्य. रागाच्या भरात तुम्ही लिहून गेलात, “रोवणीच्या दिवसांत बाया तापाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी येतात, तोवर गावातल्या डॉक्टरकडून दोन इंजेक्शनं झालेली असतात, आणि हे लिहायला तुमच्या एकाही रजिस्टरात जागा नाही.”

डॉक्टर, तुम्ही प्रश्न मांडून झालाय. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्या भागात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती, ती तुम्हालाही आठवत असेल. हा ताप पसरवणारा चिगर हा बारीक किडा चावल्याची काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली असते. बाई ती स्वतःहून दाखवत नाही, गर्दीच्या ओपीडीत आपण बघत नाही. वेळेवर दिलं तर डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध दोन दिवसांत ताप उतरवतं.

म्हणून विनंती आहे. नवीन रजिस्टर नको. आहे त्याच ओपीडी रजिस्टरच्या उजव्या समासात पट्टीने तीन रेघा मारा. तापाच्या कितव्या दिवशी आली. आधी कुठे दाखवलं. खपली शोधली का, हो की नाही. तिसरा रकाना सिस्टरकडे द्या, पडद्यामागे तपासणी त्याच करू शकतात. फक्त रोवणीचे दिवस, फक्त तापाचे रुग्ण. ‘ताप’ कशाला म्हणायचं, म्हणजे थर्मामीटरवर किती की नुसतं बाईने सांगितलं म्हणून, हे पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मधेच बदलू नका. ते वापरायच्या आधी आपण मिळून समितीला पत्र लिहू.

पोळा झाला की एखाद्या शनिवारी रजिस्टर घेऊन या, सिस्टरलाही आणा. नावं कागदाच्या पट्टीने झाका. तुम्हाला निघता आलं नाही तर मी येते, सकाळची पहिली एसटी मला जमते. लेखकांची यादी आपण त्याच दिवशी, पहिला आकडा मोजायच्या आधी लिहू, आणि त्यात सिस्टरचं नाव असेल.