गाडी डावीकडे ओढते म्हणून डावा ब्रेक खराब? उलटं आहे ते

ब्रेक मारला की जुनी गाडी एका बाजूला ओढते, त्यावर एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, मलाच तिघांनी पाठवला. थोडक्यात असा: गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक खराब, तेवढ्याच बाजूचे पॅड बदला, खात्री करायची तर चाकाला हात लावून बघा, गरम लागलं की तोच, तरी नाही गेलं तर ब्रेक ऑइल बदला, आणि थोडं राहिलंच तर जुन्या गाडीत एवढं चालायचंच. वाचायला सोप्पं आहे म्हणून फिरतंय. पण ह्याच लॉजिकच्या नादाने मी चांगले पॅड काढून बसलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

"ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक खराब." बहुतेक वेळा नेमकं उलटं असतं. धावताना कुणी तुमचा डावा हात मागे धरला तर तुम्ही डावीकडेच फिरणार ना, तसंच. गाडी डावीकडे जाते म्हणजे डावं चाक नीट धरतंय आणि उजवं धरत नाहीये, शोध उजवीकडे घ्यायचा. ह्याला अपवाद आहेत, म्हणजे मागच्या ड्रममध्ये व्हील सिलेंडर (ऑइलच्या प्रेशरने लायनर ढकलणारा) लीक होऊन लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे पट्टे, ओले झाले की ते कधी घसरतात कधी एकदम पकडतात, किंवा एखादा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सुटतच नसेल तर गाडी त्याच बाजूला जाते, पण मग ती ब्रेक न मारताही थोडी ओढणारच. म्हणून आधी सपाट मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हलकं धरून एकदा बिनब्रेकचं आणि एकदा हलका ब्रेक मारून बघा. ब्रेकशिवायही ओढत असेल तर पहिली टायरची हवा चेक करा, मग अलाइनमेंट. आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे जराशी सरकली तर लगेच घाबरू नका.

माझ्या गाडीचं सांगतो. ब्रेक मारला की डावीकडे. गॅरेजवाल्याने डावे पॅड बदलले, काही दिवस बरं वाटलं (वाटलंच फक्त), परत तेच, परत डावेच बदलले. मग एकदा लक्षात आलं की ब्रेक मारताना डावीकडे जाते पण पाय काढला की क्षणभर उजवीकडे झुकते. म्हणजे उजवा ब्रेक लागतोही उशिरा आणि सुटतोही उशिरा. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँड लावले, पेडल दाबून सोडलं, डावं चाक हाताने गरगर फिरलं आणि उजवं जाम. उजव्या कॅलिपरचं ब्लीडर निपल (ऑइलमधली एअर काढायचा छोटा स्क्रू) जरासं सैल केलं तर ऑइलची चिळकांडी उडाली आणि त्याच क्षणी चाक मोकळं, पेडलवर कुणाचाही पाय नसताना! प्रेशर आत अडकून बसलं होतं. कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज पाइप बाहेरून ठणठणीत दिसत होता पण आतून रबर फुगलेलं, पाय दाबल्यावर ऑइल कसंबसं जायचं आणि परत यायला वाटच नाही. निपल उघडूनही चाक सुटलं नसतं तर कॅलिपरचा पिस्टन नाहीतर कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना गंजल्यात असं समजायचं. आणि होजच्या वरचा जॉइंट सैल करूनच सुटलं असतं तर दोष अजून वर, मास्टर सिलेंडरकडे (पेडल दाबल्यावर प्रेशर तयार करणारा). (हे करताना ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलतं, आणि नंतर एअर काढायला विसरू नका.)

"तेवढ्याच बाजूचे पॅड बदला." हे तर अजिबात नको. एकीकडे नवा पॅड आणि दुसरीकडे जुना म्हणजे दोन्हीकडची पकड वेगवेगळी, ओढायचं कारण आपणच तयार केलं. बदलायचे तर दोन्हीकडचे. आणि काढलेले पॅड टाकण्याआधी बघा तरी, सगळी कहाणी त्यांच्यावर लिहिलेली असते. आतला पॅड पार पत्र्याला टेकलाय आणि बाहेरचा जाडजूड आहे तर कॅलिपरच्या पिना अडकल्यात, कारण पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि बाहेरचा पॅड कॅलिपर सरकला तरच डिस्कला लागतो. पिना बोटाने सरकल्या पाहिजेत, साफ करून ब्रेकसाठी असलेलं ग्रीसच लावा, साधं ग्रीस रबराला फुगवतं. आणि दोन्ही पॅड नव्यासारखे राहिलेत तर तो ब्रेक काम करतच नव्हता.

"हात लावा, गरम असेल तर तोच." पहिलं म्हणजे भाजेल, डिस्क साध्या चालवण्यातही १०० अंशांच्या वर जाते. दुसरं, गरम होणं हे ब्रेकचं कामच आहे, काम न करणारा ब्रेकच थंड राहतो. इन्फ्रारेड गन मिळाली तर दोन वेळा मोजा, एकदा नेहमीसारखी चालवून आणि एकदा ब्रेक जवळपास न वापरता. ब्रेक न वापरताही एक चाक तापलं तर ते चिकटतंय, आणि ब्रेक वापरूनही एक गारच राहिलं तर ते लागत नाहीये.

"ब्रेक ऑइल बदला." बदला की, साधारण दोन वर्षांनी बदलायलाच हवं, ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी शिरलं की तीच हद्द १५५ वर येते, मग लांब उतारावर पेडल स्पंजसारखं होतं. पण त्याने अडकलेली पिन सुटत नाही. एका चाकात एअर असेल तर फरक पडेल, पण मग ती एअर शिरली कुठून ते शोधा.

ह्या मेसेजमध्ये लोअर आर्मच्या (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) रबरी बुशचं नावसुद्धा नाही, आणि जुन्या गाडीत हे फार असतं. बुश फाटलं की ब्रेक मारल्यावर आर्म मागे सरकतो, चाकाची दिशाच बदलते, आणि माणूस बिचारा कॅलिपर उघडत बसतो. टायरचा संशय असेल तर पुढचे दोन टायर अदलाबदल करा (एकाच दिशेने फिरणारे असतील तर नको), ओढायची बाजू बदलली तर टायर. पेडल थरथरणं हा वेगळाच आजार, त्यात डिस्कची जाडी कमीजास्त झालेली असते.

राहिलं ते "एवढं चालायचंच". कोरड्या रस्त्यावर स्टेअरिंग थोडं आवळून धरलं की जमतं, पण ओल्यात घाईत ब्रेक मारला तर गाडी फिरते, तेव्हा आवळून काही होत नाही. मी दोन्ही होज बदलले, कारण दुसराही तेवढाच जुना, एअर काढली आणि ओढणं बंद. काढलेले डावे पॅड अजून डब्यात पडलेत, दुसरा सेट तर अर्धाही घासलेला नाहीये.