जिनिव्हातली सूचना निफाडपर्यंत यायला हवी

भारताच्या स्थायी मिशनांवरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनांकडच्या आपल्या कायमच्या कार्यालयांवरच्या लेखातलं ‘स्थायी मिशन म्हणजे भाषणं आणि मतदान’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेसाठी भारताचं वेगळं मिशन आहे, संयुक्त राष्ट्रांच्या मिशनहून स्वतंत्र, त्याला राजदूतही स्वतंत्र. लेखात त्याचा उल्लेखच नाही! एखाद्या सदस्य देशाला अन्नातल्या कीडनाशकांच्या अंशाची मर्यादा बदलायची असेल आणि त्याचा व्यापारावर परिणाम होणार असेल, तर आधी तिथे सूचना द्यावी लागते. इतरांना हरकत घ्यायला साधारण ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत आपली बाजू मांडणं हे मिशनच्या कामातच येतं.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले, त्यात आमचाही माल होता. हेच औषध, आमच्या भाषेत सीसीसी, आम्ही वेलीच्या शेंड्याची वाढ थांबवायला वर्षानुवर्षं मारत आलो होतो; ते तपासलं जाईल हे कुणी सांगितलंच नव्हतं. वडील पडवीत रेसिड्यू रिपोर्ट घेऊन बसले होते, ते लांबलचक नाव बोटाने पुन्हा पुन्हा वाचत. निर्यातदाराने तर फोन घेणंच बंद केलं. म्हणून मिशनचं मोजमाप भाषणांवर करू नका. जिनिव्हातून दिल्लीला गेलेली सूचना किती दिवसांत, आणि मराठीत, बागायतदाराच्या हातात पडते, ते विचारा. छाटणीनंतर कळून आम्हाला काही उपयोग नसतो.