मोठं वर्तुळ म्हणजे भारी औषध नव्हे

अँटिबायोटिकच्या चकती-चाचणीवरचा (जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवून, भोवती वाढ थांबल्याचं वर्तुळ मोजतात ती) लेख चांगला आहे, पण ‘ज्या चकतीभोवती सर्वांत मोठं वर्तुळ, ते औषध सर्वांत प्रभावी’ हे वाक्य मात्र खटकलं. तसं नसतं हो! प्रत्येक अँटिबायोटिक आगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीसारख्या थरात) आपापल्या वेगाने पसरतं. व्हॅन्कोमायसिनचा रेणू अवजड, त्यामुळे तो रेंगाळतो आणि वर्तुळ मुळातच लहान येतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूसाठी तर या औषधाची चकती-चाचणी भरवशाची धरतच नाहीत, एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) काढावी लागते. म्हणून मिलिमीटरमध्ये मोजलेला व्यास त्याच औषधाच्या, त्याच जिवाणूच्या तक्त्याशी ताडायचा. शेजारच्या चकतीशी नाही.

शिवाय वर्तुळ बिघडवणाऱ्या गोष्टी काय कमी आहेत? म्युलर-हिंटन आगर (या चाचणीसाठी ठरलेलं) साधारण 4 मिमी जाडीचं हवं. थर पातळ झाला की वर्तुळं उगाच फुगतात आणि प्रतिरोधक जिवाणूही संवेदनशील ठरू शकतो. जिवाणूंचं द्रावण 0.5 मॅकफारलंडपेक्षा (हे गढूळपणाचं माप) गढूळ झालं तर नेमकं उलट. प्लेट ओतताना टेबल जरा कललेलं असलं, तरी एका बाजूची वर्तुळं वेगळीच येतात (हे प्रत्यक्ष पाहिलंय).

आणखी एक राहिलंच. रिपोर्टवरच्या ‘आय’ (I) या शेऱ्याला लेखात ‘अर्धवट निकामी’ म्हटलंय. युकास्ट या निकष ठरवणाऱ्या युरोपीय समितीने 2019पासून त्याचा अर्थच बदललाय: जिवाणू संवेदनशील आहे, पण औषध संसर्गाच्या जागी जास्त प्रमाणात पोचायला हवं, मग डोस वाढवून म्हणा किंवा औषध तिथे आपोआप साठतं म्हणून. तेवढी दुरुस्ती कराल का?